भाऊजींनी मिळवलेली सूट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दगडावर अक्षरं कोरायचा. घरांच्या नावाच्या पाट्या, दवाखान्यांच्या कोनशिला, मैलाचे दगड, कबरींवरचे दगड, ज्याला जे हवं ते. बस डेपोमागच्या गल्लीत येऊन कुणी "पाटीवाले कुठे?" असं विचारलं की पोरंटोरंसुद्धा बोट दाखवायची. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला मेहुणीबाई म्हणायचे, आणि आमचं पहिल्या दिवसापासून पटायचं नाही. भांडण असं नव्हतं. ते माझी चेष्टा करायचे, मी त्यांना टोमणे मारायचे, आणि ताई मध्ये बसून हसायची. ताईला हसायला फार थोडं पुरायचं.

पत्र्याचं छप्पर असलेलं दुकान पुढे, दोन खोल्या मागे आणि मधल्या दाराला पडदा. पडदा मूळचा निळा होता असं ताई सांगायची. मी पाहिला तो राखाडीच. उशांवर, रेडिओवर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर, सगळीकडे पिठासारखी बारीक धूळ बसलेली असायची. ताई येताजाता फडकं मारायची आणि तेच फडकं दारात उभी राहून झटकायची. अर्धी धूळ गल्लीत जायची, अर्धी तिच्या तोंडावर परत यायची.

सरकार हे भाऊजींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पूल झाला, शाळा झाली, पाण्याची टाकी झाली की मंत्र्याच्या नावाचा दगड लागतोच. सरकार पडलं की तोच दगड उलटा करायचा आणि पाठीवर नव्या मंत्र्याचं नाव कोरायचं. "दगडाला बाजू दोनच," भाऊजी म्हणायचे, "म्हणून तिसरं सरकार आलं की माझी चांदी." असा हा माणूस सरकारशीच भांडायला उभा राहील असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते भांडण कशावरून झालं हे कळायला त्यांची कामाची पद्धत सांगायला हवी. छिन्नीचे चार घाव बसले की खाचेत भुकटी साचते आणि रेघ दिसेनाशी होते. मग ती भुकटी फुंकून टाकायची. कोरणारा स्वतः फुंकायला वाकला तर त्याच्या हाताची लय मोडते, म्हणून दगडाच्या पलीकडे दुसरा माणूस बसतो. इकडून घाव, तिकडून फुंकर. नव्या माणसाला या धंद्यात कुणी आधी छिन्नी देत नाही, आधी फुंकायला बसवतात. भाऊजी त्यांच्या वडिलांसमोर असेच बसले होते. ब्रशने का नाही झाडत, असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवाला शिवी दिली. म्हणे ब्रशने भुकटी खाचेत दाबली जाते आणि कडा मरतात.

त्या काळात भाऊजींसमोर एक उंच, अबोल माणूस बसायचा. त्याला सगळे लंबू म्हणत. दुपारी जेवायला बसला की त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. ताई त्याला वाढताना "आजोबा, आणखी घ्या" म्हणायची. तो भाऊजींपेक्षा बराच लहान होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भाऊजींच्या चष्म्याच्या काचा मीच बदलून द्यायचे, आणि त्या इतक्या वेळा बदलाव्या लागायच्या की आमचे मालक थट्टेने विचारायचे, "तुमचे मेहुणे चष्मा घालून लोळतात का?" काचांवर बारीक ओरखडे असायचे, धुक्यातून बघावं तसं त्यातून दिसायचं. एकदा जुन्या काचा मी मुद्दाम घेऊन गेले आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

"भाऊजी, ही धूळ काच खरवडते. छातीत जाऊन काय करत असेल?"

"छातीत काच नाही बसवलेली, मेहुणीबाई," ते म्हणाले. ताई हसली. लंबूही हसला. मीही हसले असेन, कारण ते बोलायचेच तसं.

मग तो कायदा आला. दगडाची धूळ उडते अशा प्रत्येक कामाच्या जागी दगडावर पाण्याची धार सोडूनच काम करायचं, धूळ ओढून घेणारा पंखा बसवायचा, तोंडाला मास्क लावायचा आणि दरवर्षी छातीचा फोटो काढायचा. ज्याच्या फोटोत डाग दिसेल त्याने छिन्नी खाली ठेवायची. हे सगळं बघायला निरीक्षक येणार, केव्हाही, न सांगता.

आमच्याकडे एक निरीक्षक बाई आल्या. शांत, पायात साध्या चपला, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी सगळ्यांचे फोटो काढायला लावले. लंबूचा स्वच्छ निघाला. भाऊजींच्या फोटोत डाग होते.

"तुम्हाला आता कोरता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांना ते सांगताना वाईट वाटत होतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

"मग काय करू?"

"दुसरं काहीतरी काम..."

"काय काम? सांगा ना. कायद्यात लिहिलं असेल."

कायद्यात ते लिहिलेलं नव्हतं. छिन्नी काढून घ्यायची हे लिहिणाऱ्यांना, मग त्या हातात काय द्यायचं हे सुचलं नव्हतं. माणसाने वडिलांपाशी शिकलेलं, आयुष्यभर केलेलं काम एका फोटोवर थांबवायचं आणि वर म्हणायचं की हे तुमच्या भल्यासाठी आहे. भाऊजींचा राग खोटा नव्हता. मला त्या दिवशी त्यांची बाजू पटली, आणि आजही ती पूर्ण खोटी होती असं मी म्हणणार नाही.

मास्कला ते मुसकं म्हणायचे. "बैल पीक खाईल म्हणून त्याला मुसकं घालतात. मी काय दगड खातो?" मुसकं घालून फुंकता येत नाही, आणि पाणी सोडलं तर आखलेली रेघ धुऊन जाते. गल्लीगल्लीतले पाथरवट त्यांच्याकडे येऊ लागले. बोलता येणारा माणूस हाच. बघता बघता भाऊजी पुढारी झाले. ताईने त्यांचा एकुलता एक कोट उन्हात घातला, झटकला आणि इस्त्री केला.

मोठ्या सभागृहात सुनावणी झाली. वर खात्याचे मोठे साहेब, खाली आम्ही सगळे. भाऊजींनी माईक हातात घेतला आणि पहिल्यांदा खोकले. मग म्हणाले, "साहेब, कारखान्यात मालक वेगळा, राबणारा वेगळा. तिथे तुम्ही जरूर जा, मालकाचा कान धरा. पण माझ्या घरात मालकही मी आणि राबणाराही मी. मी कुणाला फसवत नाही. माझा श्वास कुठे खर्च करायचा हे मला ठरवू द्या. सरकारने माझ्या दाराशी यावं, कडी वाजवावी आणि मी बोलावलं तर आत यावं."

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी बसलेली ताई तर अशी टाळ्या वाजवत होती की तिच्या बांगड्या माझ्या कानाशी किणकिणत होत्या. नवरा मोठ्या लोकांसमोर इतकं नीट बोलला, याचाच तिला आनंद. तो 'मी, मी' म्हणत होता तेव्हा त्या घरात आणखी दोन माणसं राहत होती, ती स्वतः आणि त्यांची मुलगी, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

सूट मिळाली. जिथे मालक स्वतः आणि फक्त त्याच्या घरातलीच माणसं काम करतात तिथे हा कायदा लागू नाही, आणि मालकाने बोलावल्याशिवाय निरीक्षकाने आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. गल्लीत भाऊजींना खांद्यावर घेतलं. ते उतरवा उतरवा म्हणत होते, पण चेहरा फुलला होता.

आता सूट हवी तर दुकानात बाहेरचा माणूस चालणार नव्हता. लंबूला जावं लागलं. तो शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात लागला. तिथे कायदा होता, म्हणून पाणी होतं, पंखा होता आणि मुसकंही होतं. जाताना तो ताईच्या पाया पडला आणि ताईने डोळ्यांना पदर लावला.

आणि दगडाच्या पलीकडची जागा रिकामी झाली.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी कोरायला बसले. स्वतः वाकून फुंकायला लागले की त्यांना खोकल्याची उबळ यायची. ताई पडदा सारून बाहेर आली, हात पुसले आणि समोर बसली. एवढंच झालं. ठकीने, म्हणजे माझ्या भाचीने, मला हे सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याला दम लागतो, बायको मदत करते, यात कोण कसली शंका घेणार?

पुढे काही वर्षं ताई तिथे बसली. सकाळचं आवरून बसायची ते स्वयंपाकापर्यंत, आणि जेवणं झाल्यावर पुन्हा. भाऊजी तिचं कौतुक करायचे. "लंबूपेक्षा हिची फुंकर बरी, मेहुणीबाई. चुलीने तयार केलेली आहे." निरीक्षक बाई एकदा गल्लीतून जाताना थांबल्या आणि दाराबाहेरूनच ताईच्या हातात एक मास्क देऊन गेल्या. ताईने तो नीट धुऊन ठेवला. चांगली वस्तू वाया का घालवायची, म्हणून धान्य निवडताना नाकाला बांधायची. दगडासमोर बसताना तो बांधून चालणारच नव्हतं.

तिला दम लागायला लागला तेव्हा मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?"

"काही नाही," ताई म्हणाली. "घरीच असते."

खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला खरंच वाटायचं की ती घरीच असते. काम नवरा करायचा, ती समोर बसायची. मी शेजारी होते, आणि मलाही ते चुकीचं उत्तर वाटलं नाही. डॉक्टरांनी दम्याची औषधं दिली. ती घेत घेत ताई आणखी बरेच दिवस फुंकत राहिली. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि मला विचारलं, "या कुठल्या खाणीत कामाला होत्या?" तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या भाऊजींना आत बोलावलं. ते फोटोकडे बघत राहिले. त्यांना असे फोटो वाचायला येत होते. स्वतःचा पाहिला होता ना. हिचा त्याहून वाईट होता.

त्यानंतर त्यांनी छिन्नीला हात लावला नाही. ताईच्या उशाशी बसून राहायचे. ताईला आडवं झोपता यायचं नाही, म्हणून तिच्या पाठीमागे उशांचा ढीग लावायचे, तो घसरला की पुन्हा लावायचे. दुकान त्यांनी ठकीच्या नावावर केलं. मालक स्वतः काम करत असला तरच सूट टिकत होती, आणि औषधपाणी त्या दुकानावरच चाललं होतं. ठकी एकटी बसायची. घावही तिचाच, फुंकरही तिचीच.

ताई थंडीच्या दिवसांत गेली. शेवटी शेवटी तिला हसू यायचं तेही तिला परवडत नव्हतं. हसली की श्वास संपायचा. म्हणून भाऊजींनी विनोद करणं सोडलं. मला त्या घरातली ती शांतता अजून सहन होत नाही.

लंबू आला होता. कारखान्याच्या गाडीतून उतरला आणि सरळ चालत आला. दाराशी उभा राहून ढसाढसा रडला. इतका वेळ रडूनही त्याला धाप लागली नाही. भाऊजी त्याच्या छातीकडे बघत होते. त्या नजरेत मत्सर नव्हता. काय होतं ते मी सांगू शकत नाही.

आता उरल्या त्या बापलेकी. आणि इथून पुढे भाऊजींना एकच ध्यास लागला, ठकीने दुकान बंद करावं.

ठकी वयाने विशीतली, बांध्याने आईसारखी, स्वभावाने बापासारखी. हात मात्र बापाच्याही पुढचा. तिचं अक्षर दगडावर असं बसतं की बघणाऱ्याला वाटावं ते दगडातच होतं. लंबूने तिला कारखान्यात बोलावलं होतं. ती एक दिवस जाऊन आली.

"मावशी, तिथे अक्षर मशीन काढतं," ती मला म्हणाली. "मी फक्त दगड सरकवायचा आणि बटण दाबायचं. छाती चांगली राहील, पण मी तिथे करू काय?"

"मग इथेच पाणी सोड ना. मास्क लाव."

"पाण्यात मला रेघ दिसत नाही. मी करून बघितलं. दोन पाट्या वाया गेल्या." ती खरं सांगत होती. तो बापाचा हट्ट नव्हता. तिने करून बघितलं होतं.

भाऊजींनी समजावलं, रागावले, जेवण सोडलं. एक दिवस माझ्यादेखत त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. ठकीने त्यांचे हात खाली केले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला कधी विचारलं नाहीत, तुला समोर बसायचंय का म्हणून. आता मला काय करायचंय, तेही विचारत नाही आहात."

भाऊजींनी मान खाली घातली. निदान छातीचा फोटो तरी काढू दे, असं मी ठकीला म्हटलं, तर ती म्हणाली, "काढला की डाग शोधत बसणार. नको."

शेवटी भाऊजी मला घेऊन निरीक्षक बाईंच्या कचेरीत गेले. जिना चढताना तीनदा थांबले. त्याच बाई होत्या, आता केस पांढरे झालेले. त्यांनी भाऊजींना ओळखलं आणि खुर्ची पुढे केली.

"मॅडम, माझ्या दुकानावर धाड घाला," भाऊजी म्हणाले. "सील करा."

"मला आत जाता येत नाही."

"मी बोलावतोय ना."

"मालकाने बोलवावं लागतं. मालक तुमची मुलगी आहे. काम करणाऱ्याने तक्रार केली तरी जाता येतं. पण तिथे काम करणारीही तीच आहे."

भाऊजी दम खाऊन म्हणाले, "मग कायदा बदला. मी सगळ्यांपुढे सांगतो, माझं चुकलं."

"त्या दिवशी सभागृहात मीही होते," बाई म्हणाल्या. "तुमचं सगळंच चुकलं नव्हतं. आम्ही तुमचं काम काढून घ्यायला निघालो होतो आणि बदल्यात काही देत नव्हतो. रेघ ओली असताना दिसावी कशी, एवढं जरी तेव्हा तुमच्याबरोबर बसून शोधलं असतं... पण आम्हाला नियम हवा होता आणि तुम्हाला सूट हवी होती. दोघांनाही घाई होती."

माझा राग तोवर या बाईंवर होता, खात्यावर होता, भाऊजींवर तर होताच होता. त्या खुर्चीत बसल्या बसल्या तो कुठे ठेवावा हे मला कळेना. ताईला भाऊजींनी विचारलं नव्हतं. पण सरकारनेही विचारलं नव्हतं. सूट देताना घरातली माणसं म्हणजे कोण, ती कुठे बसतात आणि काय गिळतात, हे बघायला एकही माणूस पडदा सारून आत आला नव्हता.

रविवारी बाई भाऊजींच्या गल्लीत आल्या, सुट्टीच्या दिवशी, पिशवी न घेता. ठकी बाहेर आली. तिने दारातच स्टूल मांडलं, चहा आणून दिला, चांगलं बोलली. चहा संपला तरी तिने बाईंना आत बोलावलं नाही आणि बाईंनीही पाऊल उचललं नाही.

ठकी कामाला बसायला आत गेली तसे भाऊजी उठले आणि तिच्या मागोमाग गेले. मी दारातून बघत होते. ते दगडाच्या पलीकडे जाऊन बसले, ताई बसायची तिथे. ठकीने छिन्नी खाली ठेवली. त्यांना दंडाला धरून उठवलं आणि हळूहळू चालवत बाहेर आणून पुन्हा आमच्याशेजारी बसवलं.

"डॉक्टरांनी तुम्हाला धुळीत बसायचं नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "इथे मी सांगेन तसं वागायचं."

"आणि तू गं?"

तिने त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.

आम्ही तिघं बाहेर बसून होतो. थोड्या वेळाने छिन्नीचा आवाज सुरू झाला. चार घाव, मग काहीच नाही, मग पुन्हा चार घाव. मधल्या त्या रिकाम्या वेळात ती काय करते आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. निरीक्षक बाई मांडीवरच्या रिकाम्या कपाकडे बघत होत्या. भाऊजी दाराकडे तोंड करून म्हणाले, "बाहेर ये गं."

ते मलाच जेमतेम ऐकू आलं. दारापलीकडे पोचेल अशी हाक मारण्याइतका दम त्यांच्यात उरलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या वतीने मीच हाक मारली. हातोडी जराशी थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.